टॅग सगळ्यात शेवटी लावायचा

आमच्या कंटेनर इमेज, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली गाठोडी, तीन ठिकाणी चालतात. कागल, शिरोळ, वाळवा या पट्ट्यातल्या दूध संकलन केंद्रांवर काट्याशेजारी ठेवलेले रास्पबेरी पाय हे छोटे संगणक, ॲमेझॉनच्या मुंबई रिजनमधले ग्रॅव्हिटॉन चिपचे सर्व्हर आणि टीमचे लॅपटॉप. लॅपटॉपमध्येही काही इंटेलचे, काही ॲपलच्या एम-मालिकेचे. केंद्रावरचा डबा, म्हणजे तो पाय, काट्याकडून वजन घेतो, मिल्क ॲनालायझरकडून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) वाचतो, दर लावतो, उत्पादकाला पावती देतो आणि नेट आलं की हिशेब वर पाठवतो. पहाटे रांग लागलेली असते. अशा वेळी डबा बंद पडला तर सचिव वहीत लिहून घेतात, पण मग दहा दिवसांच्या बिलात त्या वेळचे आकडे हातानं भरावे लागतात आणि हातानं भरलेल्या आकड्यावरून वाद होतात. इमेज आपोआप बांधून तपासणाऱ्या पाईपलाईनबद्दल मी हट्टी आहे ती यामुळे.

इंटेल-एएमडी आणि आर्म अशा दोन जातींच्या चिपसाठी इमेज बांधायचा हा प्रश्न तसा अलीकडचा. २०१८ च्या नोव्हेंबरात ॲमेझॉननं ग्रॅव्हिटॉन जाहीर केला, २०१९ च्या जूनमध्ये रास्पबेरी पाय ४ आला, २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलचा एम१, तिन्ही आर्म जातीचे. त्याआधी आमच्यासारख्या छोट्या टीमला सर्व्हर म्हटलं की इंटेल नाहीतर एएमडी, आणि दोन्हींना एकच बायनरी (चालवायची तयार फाईल) चालायची. आता तसं गृहीत धरता येत नाही. लॅपटॉपवर चाललेली इमेज सर्व्हरवर चालेलच असं नाही, आणि सर्व्हरवर चालली तरी डब्यावर चालेल याची खात्री नाही.

टीममध्ये नव्यानं आलेल्या एका मुलानं मला विचारलं होतं, "मॅडम, सरळ दोन टॅग ठेवू या की. एकाच्या शेपटीला एएमडी६४, दुसऱ्याच्या शेपटीला आर्म६४." टॅग म्हणजे इमेजच्या आवृत्तीला दिलेलं नाव, एएमडी६४ म्हणजे इंटेल-एएमडीची ६४-बिट जात, आर्म६४ म्हणजे आर्मची. प्रश्न रास्त आहे आणि बऱ्याच ठिकाणी असंच करतात. पण मग कुठल्या यंत्रावर कुठलं टॅग लावायचं हे कंटेनर चालवणाऱ्या कंपोजच्या फाईलला, कुबरनेटिसच्या यामलला, डब्यावरच्या अपडेट स्क्रिप्टला, सगळ्यांना माहीत असावं लागतं. एका जागी चुकीची शेपटी राहिली की बिघाड थेट केंद्रावर जाऊन उघडा पडतो. शिवाय एकाच आवृत्तीची दोन टॅग वेगवेगळ्या वेळी रजिस्ट्रीत, म्हणजे इमेजच्या कोठारात, चढतात. मधल्या वेळात सर्व्हर नवा आणि डबा जुना, अशी अवस्था होते. एकच टॅग असलं की यंत्र स्वतःला लागेल ते उचलतं आणि वरच्या कुणालाच त्यात पडावं लागत नाही.

हे उचलणं कसं होतं ते नीट कळलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून त्यावर थोडी थांबते.

आपण टॅग देऊन इमेज ओढतो तेव्हा रजिस्ट्री आधी एक छोटा जेसन (मजकूर फाईल) पाठवते. मल्टी-आर्क, म्हणजे अनेक जातींच्या चिपसाठीची, इमेज असेल तर त्या जेसनमध्ये इमेजचे लेयर (फाईलींचे थर) नसतातच, नुसती यादी असते. यादीतल्या प्रत्येक नोंदीत एका मॅनिफेस्टचा (एका जातीच्या इमेजच्या लेयरची यादी) एसएचए२५६ डायजेस्ट, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, त्याचा आकार आणि प्लॅटफॉर्म एवढं लिहिलेलं असतं: लिनक्स-एएमडी६४; लिनक्स-आर्म६४; लिनक्स-आर्म, व्हेरिएंट व्ही७ (३२-बिट). कंटेनरचं साधन असलेल्या डॉकरच्या भाषेत ही मॅनिफेस्ट लिस्ट, ओसीआय या कंटेनरचे खुले नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या भाषेत इमेज इंडेक्स. ओसीआयचं इमेज स्पेसिफिकेशन १.० जुलै २०१७ मध्ये निघालं आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात डॉकर हबवरच्या अधिकृत इमेजेस मल्टी-आर्क झाल्या. क्लायंट यादीत आपल्या प्लॅटफॉर्मची नोंद शोधतो, तिच्या डायजेस्टवरून खरं मॅनिफेस्ट मागवतो आणि मग लेयर ओढतो.

या सगळ्यात प्लॅटफॉर्म हे नुसतं लेबल आहे. बिल्ड करताना आपण आर्म६४ म्हटलं म्हणून तिथे आर्म६४ लिहिलं जातं. आतल्या बायनरी खरोखर आर्मच्या आहेत का, हे इमेज बांधणारं डॉकरचं बिल्डकिट तपासत नाही, रजिस्ट्री तपासत नाही आणि ओढणारा क्लायंटही तपासत नाही. कॅनवर 'गाय' असं लिहिलेलं असलं तरी आत काय आहे हे फॅट लावल्यावरच कळतं, तसंच हे आहे. तपासतो तो फक्त कर्नल, आणि तोही अगदी शेवटच्या क्षणी. प्रत्येक ईएलएफ फाईलच्या (लिनक्सवर चालवायच्या बायनरीचा साचा) सुरुवातीला, अठराव्या बाईटपासून, दोन बाईटचा एक आकडा असतो. एक्स८६-६४ साठी ६२, ६४-बिट आर्मसाठी १८३, ३२-बिट आर्मसाठी ४०. कर्नल तो वाचतो, आपला नसेल आणि चालवायची दुसरी सोयही नसेल तर नकार देतो, आणि लॉगमध्ये 'एक्झेक फॉरमॅट एरर' उमटतं. तोवर इमेज बांधून, पुश होऊन, टॅग लागून, केंद्रावर पोहोचलेली असते.

लेबल आणि माल यांत फरक पडायच्या वाटा किती साध्या आहेत ते सांगते.

पहिली वाट डाऊनलोडची. डॉकरफाईलमध्ये (इमेज बांधायच्या पायऱ्यांची फाईल) एखादा तयार प्रोग्राम कर्लनं नेटवरून उतरवून उघडायचा असतो आणि पत्त्यातच एएमडी६४ लिहिलेलं असतं. आर्मसाठी बिल्ड चालवा, ती पायरी हिरवी होते, कारण उतरवायला आणि उघडायला तो प्रोग्राम चालवावा लागतच नाही. आमच्याकडे पावती छापणारा छोटा मदतनीस प्रोग्राम असाच आला होता. प्रिंटर पुरवणाऱ्यांनी दिलेल्या डॉकरफाईलच्या तुकड्यात पत्ता पक्का ठोकलेला होता. मुख्य सेवा व्यवस्थित चालू झाली, हेल्थ चेक हिरवा झाला आणि सकाळी सचिवांचा फोन आला, "ताई, वजन येतंय, फॅट येतंय, पण पावती निघंना." कर्नलच्या नकाराला पोहोचायला पहिली पावती छापायची वेळ यावी लागली. इथे आणखी एक गुंता असतो. डाऊनलोडच्या पानांवर एकाच गोष्टीला कुणी एएमडी६४ म्हणतं, कुणी एक्स८६_६४, कुणी एक्स६४. आर्म६४ आणि एआर्च६४ ही जोडीही तशीच. त्यामुळे टार्गेटआर्च हे व्हेरिएबल पत्त्यात सरळ चिकटवून भागत नाही. छोटासा केस लिहून नावं जुळवावी लागतात, आणि त्यात न बसणारं नाव आलं तर बिल्ड तिथेच पाडायचा.

दुसरी वाट गो भाषेची. बिल्डकिट डॉकरफाईलला बिल्डप्लॅटफॉर्म, टार्गेटप्लॅटफॉर्म, टार्गेटओएस, टार्गेटआर्च अशी व्हेरिएबल आपणहून देतं. पण डॉकरफाईलमधल्या ज्या स्टेजच्या, म्हणजे टप्प्याच्या, आत ती वापरायची त्या स्टेजमध्ये आर्ग लिहून ती मागून घ्यावी लागतात. आर्गची ती ओळ नसेल तर टार्गेटआर्च रिकामं राहतं, गोआर्चला रिकामी किंमत मिळते, आणि गोचा कंपायलर रिकाम्याचा अर्थ 'मी ज्या यंत्रावर आहे तेच' असा घेतो. इंटेलच्या रनरवर (पाईपलाईनचं काम चालवणारं यंत्र) एएमडी६४ ची बायनरी तयार होते, शेवटच्या स्टेजमध्ये कॉपी होते आणि तिच्यावर आर्म६४ असं लेबल लागतं. कुठेही लाल काही दिसत नाही. म्हणून आमच्या डॉकरफाईलमध्ये गो बिल्डच्या आधी टार्गेटआर्च रिकामं आहे का हे पाहणारी ओळ आहे. कोड रिव्ह्यूमध्ये ती कुणी काढायला निघालं तर मी काढू देत नाही.

तिसरी वाट मला सगळ्यात जास्त खुपते, कारण ती काळजीपूर्वक काम करणाऱ्या माणसाला अडकवते. बेस इमेज डायजेस्टनं पक्की करावी हा सल्ला योग्यच आहे, उद्या कुणी टॅग हलवला तरी आपला बिल्ड बदलत नाही. पण डायजेस्ट दोन प्रकारचे असतात, एक इंडेक्सचा आणि एक एकेका प्लॅटफॉर्मच्या मॅनिफेस्टचा. रजिस्ट्रीच्या वेबपानावर प्लॅटफॉर्मच्या ओळीसमोरचा डायजेस्ट उचलला तर तो बहुतेक एएमडी६४ चा एकट्याचा असतो. मग आर्मचा बिल्डसुद्धा त्याच बेसवर चढतो. नवं बिल्डकिट इशारा देतं, की बेस इमेज मागितलेल्या प्लॅटफॉर्मची नाही, पण तो इशाराच असतो आणि पाईपलाईनच्या लांबलचक लॉगमध्ये बुडून जातो. आम्ही बिल्डकिटच्या या तपासण्यांना इशाऱ्याऐवजी चूक ठरवलंय. बिल्ड थांबतो आणि माणसाला बघावंच लागतं.

आता एम्युलेशनबद्दल. मल्टी-आर्क बिल्डची बहुतेक ट्यूटोरियल क्यूईमूपासून, म्हणजे एका जातीच्या चिपवर दुसरीची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरपासून, सुरू होतात, आणि सुरुवातीला ते फार छान वाटतं. लिनक्स कर्नलमध्ये बिनएफएमटी-मिस्क नावाची सोय आहे. फाईलचे सुरुवातीचे बाईट अमुक नमुन्याचे असतील तर ती तमुक प्रोग्रामच्या हाती द्या, असं कर्नलला सांगता येतं. आर्मच्या ईएलएफचा नमुना आणि क्यूईमूचा यूजर-मोड एम्युलेटर यांची अशी नोंद केली की इंटेलच्या रनरवर आर्मची बायनरी आपोआप चालते. कर्नल ४.८ पासून या नोंदीला एफ नावाचा फ्लॅग देता येतो, त्यानं एम्युलेटरची फाईल नोंदीच्या वेळीच उघडून ठेवली जाते. कंटेनरच्या आत क्यूईमू नसला तरी चालतं ते या फ्लॅगमुळे. मग बिल्डएक्स या डॉकरच्या बिल्डच्या आज्ञेला प्लॅटफॉर्मची यादी एका ओळीत द्यायची आणि झालं.

खरंच काम होतं. पण प्रत्येक आर्म सूचनेचं भाषांतर होत असतं, आणि कंपायलरसारखा सतत गणित करणारा प्रोग्राम त्यात अक्षरशः रांगतो. आमच्या डब्यावरच्या इमेजमध्ये पायथन आहे आणि थोडं सी. एखाद्या पायथन पॅकेजचं तयार व्हील (आधीच बांधलेली फाईल) मिळालं नाही की पॅकेज बसवणारा पिप ते सोर्समधून बांधायला घेतो, आणि ते एम्युलेशनखाली सुरू झालं की जेवून आलं तरी संपलेलं नसतं. अधूनमधून क्यूईमू स्वतःच सेगमेंटेशन फॉल्ट देऊन पडतो. पुन्हा चालवलं तर होतं, मग माणसाला पुन्हा चालवायची सवय लागते, आणि लाल पाईपलाईन दिसली की ती वाचण्याऐवजी री-रनचं बटण दाबलं जातं. माझा खरा राग या सवयीवर आहे. (अल्पाईन हे छोटं लिनक्स वापरणाऱ्यांनी व्हीलकडे मुद्दाम बघावं. अल्पाईनमध्ये ग्लिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीऐवजी मसल आहे, मॅनीलिनक्सची व्हील तिथे चालत नाहीत, मसललिनक्सची असतील तरच चालतात. इमेज लहान करायच्या नादात बिल्ड तासांवर जातो. आम्ही डेबियन स्लिमवर आलो आणि हा त्रास संपला.)

वेळेपेक्षा मोठी अडचण मला वेगळीच दिसते. एम्युलेशनखाली टेस्ट हिरव्या झाल्या म्हणजे खऱ्या आर्मवर होतील, असं धरता येत नाही. ॲनालायझरशी बोलणारी आमची सी लायब्ररी जुनी, यंत्रासोबत आलेली. तिच्यात एक थ्रेड सिरियल पोर्टवरून रीडिंग घेऊन बफरमध्ये ठेवायचा आणि मग 'तयार' अशी खूण करायचा. दुसरा थ्रेड खूण बघून बफर वाचायचा. खूण होती साधा व्होलाटाईल इंट, मध्ये कुठलाही मेमरी बॅरियर, म्हणजे लिखाणाचा क्रम पाळायची सक्ती, नाही. इंटेलवर हे वर्षानुवर्षं चालतं, कारण एक्स८६ वर एका कोअरनं केलेली लिखाणं दुसऱ्या कोअरला त्याच क्रमानं दिसतात. आर्मवर ही हमी नाही. खूण आधी दिसू शकते आणि बफरात अजून मागच्याच माणसाचं रीडिंग असू शकतं. एका उत्पादकाच्या दुधाला दुसऱ्याचं फॅट लागणं म्हणजे काय, हे केंद्रावर उभ्या असलेल्या कुणालाही विचारा.

इंटेलच्या रनरवर क्यूईमूखाली ही गोष्ट दिसतच नाही. सूचना आर्मच्या असल्या तरी खालचं सिलिकॉन इंटेलचं, त्यामुळे क्रम इंटेलचाच कडक राहतो. खऱ्या पाय ४ वर थोडा वेळ ताण देऊन चालवलं आणि चुकीची जोडी सापडली. दुरुस्ती लहान होती. व्होलाटाईलच्या जागी सी११ चं ॲटोमिक, लिहिताना रिलीज, वाचताना ॲक्वायर.

त्याच लायब्ररीत दुसरी एक गोष्ट निघाली. वाचलेला बाईट सी मधल्या साध्या 'चार' (char) प्रकारात ठेवून त्याची तुलना उणे एकशी केलेली होती. एक्स८६ च्या लिनक्सवर 'चार' डिफॉल्टनं साईन्ड (उणे आकडे घेणारा) असतो, आर्मच्या लिनक्सवर अनसाईन्ड. अनसाईन्डमध्ये उणे एक कधी येतच नाही, म्हणजे 'संपलं' हे कधीच कळत नाही आणि लूप फिरत राहतो. ही मात्र एम्युलेशनखालीही सापडली असती, कारण कंपायलर आर्मचाच असतो. एम्युलेशनला सरसकट नावं ठेवायची नाहीत म्हणून हे सांगितलं. ते काय पकडतं आणि काय पकडत नाही हे माहीत असलं म्हणजे पुरे.

त्यामुळे आम्ही काम दोन भागांत वाटलं. सर्व्हरवरच्या गोच्या सेवा क्रॉस-कंपाईल होतात, म्हणजे एका जातीच्या यंत्रावर दुसऱ्या जातीसाठी बांधल्या जातात. डॉकरफाईलमध्ये बिल्डर स्टेजच्या फ्रॉमला प्लॅटफॉर्म म्हणून बिल्डप्लॅटफॉर्म द्यायचा, म्हणजे कंपायलर नेहमी रनरच्या स्वतःच्या जातीचा चालतो. सीगो (गोमध्ये सी वापरायची सोय) बंद, गोओएस आणि गोआर्चला टार्गेटच्या किमती. शेवटच्या स्टेजमध्ये एकही रन ठेवायचा नाही, फक्त कॉपी. रन नसला की दुसऱ्या जातीची बायनरी बिल्डमध्ये कुठे चालवावीच लागत नाही आणि क्यूईमू बसवायची गरज उरत नाही. टीएलएसची प्रमाणपत्रं आम्ही बिल्डर स्टेजमधूनच कॉपी करतो, त्या साध्या मजकूर फाईल आहेत, त्यांना आर्किटेक्चर नसतं. एवढ्या एका कारणासाठी शेवटच्या स्टेजमध्ये ॲप्ट-गेट चालवून पूर्ण एम्युलेशन ओढून आणलेल्या डॉकरफाईल मी बऱ्याच पाहिल्यात.

डब्यावरची इमेज, म्हणजे पायथन आणि सी, ज्या जातीची त्याच जातीच्या यंत्रावर बांधली जाते. एएमडी६४ गिटहबच्या होस्टेड रनरवर. आर्म६४ मुंबई रिजनमधल्या टी४जी (ग्रॅव्हिटॉनच्या) मशीनवर, तिथे आम्ही आमचा रनर बसवलाय. गिटहबनं सार्वजनिक रिपॉझिटरींसाठी जानेवारी २०२५ पासून आर्मचे लिनक्स रनर मोफत दिलेत, त्यामुळे ओपन सोर्स प्रकल्प असेल तर स्वतःचं मशीन सांभाळायचीही गरज नाही. आमचा कोड खासगी आहे. (सार्वजनिक रिपॉझिटरीला स्वतःचा रनर जोडू नका. कुणीही पुल रिक्वेस्ट टाकून तुमच्या मशीनवर स्वतःचा कोड चालवू शकतो.)

जुन्या डब्यांसाठी लागणारं ३२-बिटचं काम ऑफिसमधल्या पाय ४ वर होतं. त्याचे कॉर्टेक्स-ए७२ कोअर ३२-बिट आर्म सूचनाही थेट चालवतात, म्हणून ६४-बिट ओएसवर व्ही७ चा कंटेनर एम्युलेशनशिवाय चालतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते. त्या कंटेनरच्या आत युनेम (यंत्राची जात सांगणारी आज्ञा) विचारलं तर उत्तर एआर्च६४ येतं, कारण कर्नल ६४-बिट आहे. युनेमवर विश्वास ठेवून काही उतरवणारी स्क्रिप्ट तिथे फसते. आज्ञेच्या आधी लिनक्स३२ लावलं की कर्नल ३२-बिटचं नाव सांगतो.

पाईपलाईनचा क्रम आता असा आहे. प्रत्येक यंत्र आपली इमेज बांधतं आणि रजिस्ट्रीत पुश करतं, पण टॅगशिवाय, फक्त डायजेस्टनं. बिल्डएक्सच्या आऊटपुटमध्ये पुश-बाय-डायजेस्ट हा पर्याय आहे. या क्षणी इमेज रजिस्ट्रीत आहे पण तिला नाव नाही, त्यामुळे कुठलाही डबा ती चुकूनसुद्धा उचलणार नाही. मिळालेला डायजेस्ट एका फाईलमध्ये लिहून पुढच्या जॉबकडे जातो.

मग तपासणी, आणि ही मी कधीच कापू देत नाही. प्रत्येक डायजेस्ट त्याच्या जातीच्या खऱ्या यंत्रावर ओढला जातो. इमेजमधल्या सगळ्या चालवता येण्याजोग्या फाईलींचा ईएलएफचा आकडा वाचला जातो, एकही परका निघाला तर जॉब लाल. प्रिंटरचा तो मदतनीस प्रोग्राम आज इथे पकडला जातो. नंतर खरं काम: केंद्रावर रेकॉर्ड करून आणलेला सिरियल पोर्टचा डेटा कंटेनरला खेळवून दाखवायचा आणि बाहेर पडणारी पावती ठरलेल्या पावतीशी अक्षर न अक्षर जुळवायची. त्यात गाईच्या दुधाचा ३.५ फॅट, ८.५ एसएनएफचा नमुना आहे, म्हशीचा आहे, मध्येच केबल निघाल्यावर येणारा कचराही आहे. आर्मवर हेच दोन थ्रेडच्या ताणाखाली पुन्हा.

या तपासणीसाठी ऑफिसच्या फळीवर पाय ४ शेजारी एक पाय ५ ठेवलाय. क्लाऊडमधल्या आर्म मशीनवर आमच्याकडे मेमरीचं पेज (कर्नल मेमरी वाटतो तो तुकडा) ४ केबीचं असतं. पाय ५ वर रास्पबेरी पाय ओएसचा डिफॉल्ट कर्नल १६ केबीची पेज वापरतो. जेमॅलॉकसारखी मेमरी लायब्ररी ४ केबी धरून बांधलेली असेल तर ती तिथे 'पेजचा हा आकार चालत नाही' म्हणून सुरूच होत नाही. इमेज आर्म६४ ची, यंत्र आर्म६४ चं, लेबल बरोबर, बायनरी बरोबर, तरी चालत नाही. प्लॅटफॉर्मच्या नोंदीत पेजचा आकार लिहायला जागाच नाही. त्यामुळे जे यंत्र केंद्रावर जाणार तेच फळीवर हवं.

सगळे डायजेस्ट पास झाले की शेवटचा जॉब चालतो. बिल्डएक्सच्या इमेजटूल्स क्रिएटला टॅगचं नाव आणि डायजेस्टची यादी द्यायची. रिपॉझिटरी तीच असल्यामुळे लेयर कुठेही हलत नाहीत, फक्त नवा इंडेक्स लिहिला जातो आणि टॅग त्याच्याकडे वळतं. सर्व्हर, डबे, लॅपटॉप, सगळ्यांना नवी आवृत्ती एकाच क्षणी दिसते. एक जात जरी नापास झाली तरी टॅग लागतच नाही. "३२-बिट राहू दे, बाकीचं तेवढं सोडू या" असा आग्रह अधूनमधून होतो. तेव्हा मी नाही म्हणते, कारण मग त्या टॅगखाली जुन्या डब्यासाठी काहीच नसतं आणि अपडेट स्क्रिप्ट पहाटे हात हलवत परत येते.

कॅशबद्दल, म्हणजे आधीच्या बिल्डचे पुन्हा वापरायला ठेवलेले तुकडे, थोडक्यात. प्रत्येक जातीची कॅश वेगळ्या नावानं ठेवा. गिटहबच्या कॅशला स्कोप दिला नाही तर सगळे जॉब एकाच नावावर लिहितात आणि शेवटी लिहिणाऱ्याची तेवढी उरते. रजिस्ट्रीत कॅश ठेवत असाल तर मोड मॅक्स द्या, डिफॉल्टचा मिन फक्त शेवटच्या स्टेजचे लेयर ठेवतो, आणि खरा वेळ खाणारी बिल्डर स्टेज दर वेळी पहिल्यापासून चालते.

इंडेक्स उघडून पाहिला तर प्लॅटफॉर्म 'अननोन' असलेल्या नोंदी दिसतील. घाबरू नका. जानेवारी २०२३ च्या बिल्डएक्स ०.१० पासून इमेज कशी बांधली याची नोंद, म्हणजे प्रोव्हेनन्स, आपोआप जोडली जाते, आणि ती इंडेक्समध्ये अशा वेषात बसते. त्यामुळे एकाच प्लॅटफॉर्मचा बिल्डसुद्धा इंडेक्स बनतो, आणि जुनी डॉकर मॅनिफेस्ट क्रिएट ही आज्ञा 'ही तर मॅनिफेस्ट लिस्ट आहे' म्हणून अडते. प्रोव्हेनन्स बंद करा असा सल्ला सगळीकडे मिळतो. मी बंद करत नाही. कुठल्या कमिटवरून ही इमेज आली हे सहा महिन्यांनी विचारायची वेळ येते तेव्हा तीच नोंद उपयोगी पडते. इमेजटूल्सला ती नीट हाताळता येते. प्लॅटफॉर्म मोजणाऱ्या आमच्या स्क्रिप्टमध्ये 'अननोन' वगळायची एक अट घातली, एवढंच.

रजिस्ट्रीच्या साफसफाईबद्दल मात्र घाबरा. डायजेस्टनं पुश केलेल्या इमेजना स्वतःचं टॅग नसतं, टॅग असतं ते इंडेक्सला. साफसफाईची बरीच साधनं 'टॅग नसलेलं जुनं सगळं उडवा' एवढाच नियम लावतात, आणि त्यात इंडेक्सची पोरं जातात. टॅग जागेवर राहतं, यादी राहते, यादीतल्या पत्त्यावर काहीच नसतं. याचा पत्ता ताबडतोब लागत नाही, कारण चालू डब्यांकडे इमेज आधीच उतरलेली असते. एसडी कार्ड बदललेला डबा नव्यानं ओढायला जातो तेव्हा कळतं. त्यामुळे साफसफाईच्या साधनाला इंडेक्सच्या आतल्या नोंदी कळतात का हे पाहिल्याशिवाय ते चालू करू नये. आमची साफसफाई आधी सगळ्या टॅगचे इंडेक्स वाचते, त्यांच्यातले डायजेस्ट बाजूला ठेवते आणि उरलेल्यांनाच हात लावते. शिवाय रोज रात्री एक जॉब चालू आवृत्तीचं प्रत्येक प्लॅटफॉर्मचं मॅनिफेस्ट नुसतं मागून बघतो. स्वस्त आहे, आणि सकाळचा फोन वाचतो.

राहता राहिलं ३२-बिट. रास्पबेरी पायची ६४-बिट ओएस अधिकृतपणे फेब्रुवारी २०२२ मध्ये आली. त्याआधी बसवलेल्या आमच्या डब्यांवर पाय ३ आहे, चिप ६४-बिट आणि ओएस ३२-बिट. त्यांच्यासाठी व्ही७ ची ओळ पाईपलाईनमध्ये आहे. सगळ्यात हळू बिल्ड तिचाच, आणि त्यातही पायव्हील्स या रास्पबेरी पायसाठीच्या व्हीलच्या साठ्यावर व्ही७ ची तयार व्हील मिळतात म्हणून निभावतंय. या डब्यांची एसडी कार्डं आता एकेक करून ६४-बिटची केली जातायत. हे काम संध्याकाळचं संकलन संपल्यावरच करता येतं, आणि सचिवांना आधी फोन करून, छापायचं राहिलेलं काही नाही ना हे विचारून. शिरोळकडची केंद्रं झाली. वाळव्याची झाली की यादीतून व्ही७ निघेल, पण त्या आवृत्त्यांचे जुने टॅग रजिस्ट्रीत तसेच ठेवणार आहे. एखादं जुनं कार्ड कुठल्या तरी कपाटातून निघून पुन्हा डब्यात बसतं, आणि त्यालाही ओढायला काहीतरी मिळालं पाहिजे.